चौदावा टाका

टाकेमास्तरांबद्दल मला फारसं ठाऊक नाही, हे आधीच सांगून टाकतो. सात वर्षं रोज दुपारी मी त्यांच्या दुकानातल्या बाकावर बसलो. तरीही त्यांचं मूळ गाव कोणतं, त्यांना भाऊबहीण होते का, शाळा कितवीपर्यंत झाली, असं कुणी विचारलं तर मी डोकं खाजवत बसेन. ते सांगत नसत आणि मी विचारत नसे. याला मैत्री म्हणायचं की नुसती सवय, याचीही मला खात्री नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचं पत्र आलं. "काका, इथं बाबांना ओळखणारं कुणी नव्हतं. तुम्हीच त्यांना ओळखत होतात. त्यांच्याबद्दल लिहून पाठवा, मुलं मोठी झाली की वाचतील." पत्र वाचून मला घाम फुटला. मी जन्मात जे काही लिहिलं ते लोकांच्या तक्रारींचे फॉर्म, तेही त्यांनी सांगायचं आणि मी रकाने भरायचे. चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो. आता जमेल तसं लिहितो. यात एक गोष्ट अशी आहे, जी मास्तरांनी मुलीला सांगितली नसावी. वाचून तिला माझा राग आला तर तो रास्तच असेल.

मी राहतो त्या इमारतीच्या जिन्याखाली मास्तरांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत शिलाई मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या चेना, चाकं आणि मुठी, आणि गिऱ्हाइकासाठी एक लाकडी बाक. जिना वरून तिरका उतरायचा, त्यामुळे उंच माणसाच्या डोक्याला पायरी लागायची. मास्तर बुटके होते. "मला माप घेऊनच बनवलंय," म्हणायचे. दिवसभर ते फाटक्या बॅगा शिवत, तुटलेली चाकं बदलत. खरं नाव पाटीवर नव्हतं, कारण पाटीच नव्हती. सगळे त्यांना टाकेमास्तर म्हणत, मीही म्हणायचो. ते मला साहेब म्हणत. मी कारकून होतो, साहेब कधीच नव्हतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच म्हणायचे.

मी पंचवीस वर्षं विमानतळावर नोकरी केली. हे ऐकलं की लोक माझ्याकडे जरा आदरानं बघतात, म्हणून पुढचंही लगेच सांगतो. सामान ज्या फिरत्या पट्ट्यावर येतं त्याच्या शेजारी एक खिडकी होती. हरवलेल्या आणि फोडलेल्या बॅगांची खिडकी. तिच्यामागे मी बसायचो. विमानात मी एकदाही चढलो नाही. मास्तरही नव्हते चढले. आमच्या दोघांचा विमानाशी संबंध काय तो त्याच्या पोटातल्या सामानापुरता.

निवृत्त झालो त्या आठवड्यात मी बाजाराची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो, तिची चेन बिघडली होती. ते दुरुस्त करत असताना एक नवं जोडपं आलं. चकचकीत नवी बॅग, पहिलाच परदेशप्रवास. नवऱ्याला फक्त मूठ घट्ट करून हवी होती.

"बाकी काही भीती नाही मास्तर," तो म्हणाला, "नंबरचं कुलूप आहे. चोराचा बाप आला तरी उघडणार नाही."

तेव्हा माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. मी म्हणालो, "कुलूप उघडायला लागतच नाही."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मला तिथंच जमिनीत शिरावंसं वाटलं. पण बोललो होतो, तेव्हा करून दाखवणं भाग होतं. मी मास्तरांच्या कानावरचं बॉलपेन मागून घेतलं, चेनच्या दोन दातांच्या ओळींमध्ये टोक खुपसलं आणि दाबलं. चेन फुटली आणि बॅग उघडली. कुलूप जागच्या जागी. मग कुलपात अडकलेले दोन्ही रनर, म्हणजे चेन सरकवायच्या त्या दोन कड्या, एकत्र धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. चेन पुन्हा मिटली. काहीच झालं नव्हतं जणू.

"बघ!" बायको म्हणाली. "मी म्हणत नव्हते?"

"तू कधी म्हणालीस?"

"आता म्हणते."

नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जन्मभर बॅगाच फोडत आलो असेन. मास्तर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पुन्हा करा."

ती जोडी गेल्यावर त्यांनी मला बाकावर बसवून घेतलं आणि खोदून खोदून विचारलं. मी जे जे माहीत होतं ते सांगितलं. बॅगा चढवणाऱ्या शंभरातले नव्याण्णव जण प्रामाणिक असतात, पण शंभरावा कुठल्या पाळीला आहे ते कळत नाही. तो महागडी बॅग हेरतो, बाहेरच्या कप्प्यात आधी हात घालतो. माणूस घरी जातो, दोन दिवसांनी सामान लावायला घेतो, तेव्हा कळतं. मग आमच्या खिडकीवर येतो. आणि वरच्या साहेबांचा शेरा ठरलेला: कुलूप शाबूत, सबब चोरी झाल्याचा पुरावा नाही. पट्ट्यासमोरच्या दारातून माणूस बाहेर पडायच्या आत तक्रार केली तर काही आशा, नंतर नाही. शेवटी मी म्हणालो, "चोराला अडवणं कुणाच्या हातात नाही मास्तर. पण निदान उतरल्या उतरल्या कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला जिन्यावरून हाक मारली. मेण लावलेला लाल दोरा त्यांनी चेनवरून आडवा, एका कडेच्या कापडातून दुसऱ्या कडेच्या कापडात असा घेतला होता, ओळीनं सात वेळा. शेवटी एक गाठ. चेन फोडली की दोरा ओढला जाणार किंवा तुटणार. तपासणीवाल्यांना उघडायची झाली तर ते कात्रीनं कापतील आणि आत त्यांची छापील चिठ्ठी ठेवतील, कारण तसा नियमच आहे. चिठ्ठी नसेल आणि दोरा तुटला असेल तर समजायचं.

"आणि गिऱ्हाइकाच्या कानात आकडा सांगायचा," ते म्हणाले. "तुमच्या बॅगेला सात टाके. उतरल्यावर मोजा."

"आकडा कशाला? चोर काय सुईदोरा घेऊन शिवत बसणार आहे?"

"आकडा चोरासाठी नाही हो साहेब. गिऱ्हाइकासाठी. नुसतं 'बघून घ्या' म्हटलं तर कुणी बघत नाही, बॅग ओढतात आणि सुटतात. मोजायला सांगितलं की थांबतात. तुमच्या त्या दाराच्या आत थांबतात."

पंचवीस वर्षांत माझ्या खात्याला जे सुचलं नव्हतं ते या माणसाला एका रात्रीत सुचलं. मी तसं बोललो नाही, बोलायला हवं होतं.

हळूहळू गावभर झालं. विमानानं जायचं तर टाकेमास्तरांकडून बॅग शिवून घ्या. प्रत्येकाला ते वेगळा आकडा देत, आणि प्रत्येकाला बजावत, "पोचल्यावर मोजा आणि मला फोन करा." शटरच्या आतल्या बाजूला खडूनं तो आकडा लिहीत. फोन आला की बोटानं पुसत.

फोन कमीच येत. लोक पोचतात आणि विसरतात, त्यात त्यांचा काय दोष? एकदा एका परदेशी नोकरी करणाऱ्या नर्सचा फोन आला. तिनं नाव न सांगताच ओरडून "मास्तर, अकरा!" म्हटलं आणि ठेवला. त्या दिवशी मास्तरांनी मला ती गोष्ट तीनदा सांगितली. पण बाकीचे आकडे शटरवर तसेच राहायचे. कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते शटर अर्धं ओढून त्याच्याकडे बघत. "हा नऊवाला, साहेब. जाडजूड गृहस्थ होते, आईची औषधं होती त्यांच्या बॅगेत. पोचली असतील ना?"

"पोचली असतील," मी म्हणायचो. "नसती तर शिव्या द्यायला तरी फोन आला असता."

"तेही खरंच."

हे आमचं बोलणं. यापलीकडे चहा, ऊन, जिन्यातला दिवा गेल्याची तक्रार. घरी गेल्यावर मला बोलायला कुणी नव्हतं, त्यांनाही नव्हतं. माझं लग्न झालं नाही. त्यांची बायको मी तिथं यायच्या आधीच वारली होती, एवढं मी इमारतीतल्यांकडून ऐकून होतो. मुलगी दुकानाच्या मागच्या खोलीतच लहानाची मोठी झाली आणि सहा वर्षांपूर्वी लग्न करून लांबच्या देशात गेली. तिला दोन मुलं झाली, ती मास्तरांनी फोनच्या काचेवरच बघितली. ती दर फोनला म्हणायची, "बाबा, इकडे या." ते म्हणायचे, "तिथं कुणाच्या बॅगा शिवू?"

मागच्या वर्षी ते जिन्यावरून घसरले. गुडघा सुजला, पंधरा दिवस दुकान बंद. मी दोन वेळचा डबा खाली नेऊन द्यायचो. ते खाटेवर पडून, मी स्टुलावर. तेव्हा मुलगी ऐकेना. तिकीटच काढलं तिनं, दोन महिन्यांनंतरचं. मला वाटलं, नाही म्हणतील. पण ते गुडघ्याकडे बघत फोनवर म्हणाले, "आधी तुझ्या आईची बॅग तिकडे येऊ दे. ती नीट पोचली, तर मी येतो."

आईची बॅग म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बायकोच्या वस्तू त्यांनी एका जुन्या तपकिरी बॅगेत ठेवल्या होत्या. ज्या घरात त्या वस्तू नाहीत तिथं त्यांना जायचं नव्हतं. आणि स्वतःबरोबर न्यायच्या तर त्यांच्या हत्यारांनाच बॅग पुरत नव्हती. मुलगी म्हणाली, "येईल हो बाबा, बॅगेला काय होतंय?" ते म्हणाले, "बॅगेला काय काय होतं ते साहेबांना विचार."

योगायोग असा की ती अकरा टाक्यांची नर्स मुलीच्याच शहरात कामाला होती आणि सुट्टीवर आली होती. ती न्यायला तयार झाली. दुसऱ्याची बंद बॅग न बघता नेऊ नये, हे मी खिडकीवरून हजार लोकांना सांगितलं असेल, म्हणून मीच म्हणालो की तिच्यासमोर उघडा. तिनं घाईघाईत वरखाली हात फिरवून बघितलं. "मास्तर, तुमच्यावर विश्वास नाही तर कुणावर? संध्याकाळी येते न्यायला," म्हणून ती गेली.

"फोटो काढू का आतला?" मी विचारलं. गिऱ्हाइकांना ते नेहमी काढायला लावत.

"तिच्या वस्तूंचा फोटो कशाला? मला पाठ आहेत."

मग त्यांनी शिवायला घेतलं. ते टाके मोजत ते अर्धवट आवाजात, ओठांवर. मीही सवयीनं मनात मोजायचो, माझा तेवढाच उद्योग. एक, दोन, तीन. दुपारची वेळ होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आठवा टाका घातला तेव्हा काय झालं मला माहीत नाही, पण सात वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"वहिनींना जाऊन किती वर्षं झाली?"

त्यांनी सुई धरली तशीच धरून ठेवली.

"नऊ," ते म्हणाले. "नऊ वर्षं. थंडीचे दिवस होते. तिला नेहमी वाटायचं, आपण एकदा विमानात बसावं. मी म्हणायचो, आपल्या बॅगा बसतात तेवढं पुरे." मग थोडं थांबून त्यांनी सुई टोचली आणि म्हणाले, "दहा."

पुढं अकरा, बारा, तेरा, चौदा. गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

माझे तेरा झाले होते. पण मला वाटलं, माझंच चुकलं असणार. माझं नेहमी चुकतं. बँकेत गेलो तर मी तीन वेळा मोजतो आणि तिन्ही वेळा वेगळं येतं. शिवाय नुकतंच बायकोचं बोललेल्या माणसाला "जरा पुन्हा मोजता का" असं म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी तिथंच मुलीला फोन लावला. "चौदा. लिहून घे. चौदा."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी तिथंच होतो. त्यांनी फोन मशीनवर उभा केला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"बाबा, आली बॅग! एक ओरखडा नाही."

"मोज."

"बाबा, धाकटा रडतोय, त्याला जरा..."

"आधी मोज."

ती मोजू लागली. मधे मूल रडत होतं. "तेरा."

"पुन्हा मोज."

"तेराच आहेत बाबा. दोरा कुठंही तुटलेला नाही. गाठ तुमचीच दिसते."

"दिसते म्हणजे? आहे की दिसते?"

"आता मला काय कळतं गाठीतलं! उघडून बघते ना." कात्रीचा आवाज आला. मग ती एकेक सांगू लागली. स्वेटर. चष्मा. बटणांचा डबा. मोजायची टेप. अर्धवट विणलेला मफलर, सुयांसकट. हातआरसा. "चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. सगळं आहे बाबा."

"बस?"

"बस. अजून काय होतं?"

मास्तर बोटांवर वस्तू मोजू लागले. आणि मी? मला तेव्हा लख्ख कळलं. आठनंतर त्यांनी नऊ म्हटलं होतं ते वर्षांचं, आणि टाका घातला तो दहावा म्हणून. प्रश्न माझा होता. एक वाक्य बोललो असतो तर तिथल्या तिथं निकाल लागला असता. मी तोंडातून ब्र काढला नाही.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कुणीतरी कारागीर आहे, साहेब. शेवटचा टाका कापला, हात घातला आणि माझ्यासारखीच गाठ मारून ठेवली. सात वर्षांत पहिल्यांदा. आणि तीही तिचीच बॅग."

"पण गेलं काय? सगळं तर आहे."

"तेच तर. काहीतरी होतं. मलाच आठवत नाही."

त्यांनी मुलीला कळवून टाकलं की ते येत नाहीत. ठरलंच होतं तसं, बॅग नीट पोचली तर. तिनं मला फोन केला. "काका, तुम्ही तरी समजवा ना. तुमचं ऐकतात ते." मी म्हणालो, "बघतो." पाहायचं काय होतं? मला पाहायचंच नव्हतं.

इथं खोटं लिहून उपयोग नाही. त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. बॅग नीट पोचल्याचं कळलं असतं तर ते गेले असते, मग दुपारी दोन वाजता मी खाली उतरून कुठं बसलो असतो? रोज मनाशी म्हणायचो, उद्या सांगतो. उद्या आला की म्हणायचो, इतके दिवस झाले, आता सांगितलं तर म्हणतील आधी का नाही सांगितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पंचवीस वर्षं मी चोरीच्या तक्रारी लिहून घेतल्या, तेव्हा मला कधी वाटलं नाही की चोर असा बाकावर बसून चहा पीत असेल.

मास्तरांचं मात्र कामातलं लक्ष उडालं. मशीन चालवता चालवता थांबायचे. "साहेब, तुम्ही बसला होतात ना तेव्हा. मी आत एक कंगवा ठेवला होता का?"

"मला नाही आठवत."

"कंगवा असेल. की रुमाल? तिच्याकडे एक पिवळा रुमाल होता. तो मी ठेवला होता की आधीच फाटला?" त्यांनी मागच्या खोलीतली सगळी कपाटं उपसली. नर्सला फोन केला. ती बिचारी म्हणाली, "मी काही नीट बघितलं नाही मास्तर, मला वाटलं बरं नाही दिसणार." दर दोन दिवसांनी एक नवी वस्तू त्यांना आठवायची आणि संध्याकाळपर्यंत ती होती की नव्हती याची शंका यायची. मला पाठ आहेत म्हणालेला माणूस तो.

अठराव्या दिवशी ते एका शाळेच्या दप्तराला पट्टा लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तिची चप्पल कुठल्या रंगाची होती, ते आठवत नाही मला. आता चप्पल काही मी बॅगेत ठेवली नव्हती, ते माहीत आहे. पण रंगच आठवत नाही. असं होतं का हो साहेब, एक गेली की बाकीच्याही जातात?"

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "मास्तर, तेराच होते."

"काय?"

"टाके. तेराच घातले होते तुम्ही. आठव्यानंतर मी विचारलं, वहिनींना किती वर्षं झाली. तुम्ही नऊ म्हणालात. मग पुढचा टाका घातलात तो दहा म्हणून. मी मोजत होतो."

त्यांनी दप्तर बाजूला ठेवलं. एक चिंधी घेतली, सुई घेतली आणि टाके घालू लागले, ओठांवर मोजत. आठला थांबले. माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा तो प्रश्न विचारावा असं त्यांना वाटत होतं की काय, मला कळलं नाही. मी विचारला नाही. ते स्वतःच हळूच म्हणाले, "नऊ वर्षं," आणि पुढचा टाका घालून म्हणाले, "दहा."

मग हसले. त्यांना इतकं हसताना मी बघितलं नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे एक टाका तिनं खाल्ला! जिवंतपणी कधी कामात लुडबुड केली नाही हो तिनं, आता केली."

मीही हसलो. मला वाटलं सुटलो. पण हसणं थांबल्यावर त्यांनी चिंधीतली सुई काढली, डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावत विचारलं, "फोन आला तेव्हा तुम्ही इथंच होतात ना?"

"हो."

"अठरा दिवस झाले."

"विसरलो मी," मी म्हणालो.

त्यांनी डबी बाजूला ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही विसरत नाही, साहेब. वीस वर्षांपूर्वीच्या बॅगांचे रंग सांगता तुम्ही मला." एवढंच म्हणाले. माझ्याकडे उत्तर होतं, अगदी ओठांवर होतं, पण असलं काही बोलायची मला कधीच सवय नव्हती. मी चहा सांगायला म्हणून उठलो आणि चहा घेऊन परत आलो तेव्हा ते मुलीशी फोनवर बोलत होते. तिकडून ती हसत आणि रडत होती, दोन्ही ऐकू येत होतं.

त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. उरलेले तीन आठवडे मी रोज गेलो. बोलणं पूर्वीसारखंच, चहा, ऊन, जिन्यातला दिवा. पूर्वीसारखंच होतं असं मी म्हणतो, पण मला तसं हवं होतं म्हणूनही वाटलं असेल. मशीन त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला देऊन टाकलं. शटर ओल्या फडक्यानं पुसलं. आकडे सगळे गेले. "जे पोचले ते पोचले," म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बॅगेला टाके घातले की नाही ते मला माहीत नाही. मी मुद्दामच बघितलं नाही.

तिकडे गेल्यावर ते सात महिने जगले. मुलीनं लिहिलंय की चांगले होते, नातवंडांची दप्तरं शिवत होते, आणि एका पहाटे छातीत दुखलं. त्या सात महिन्यांत त्यांचा मला दोनदा फोन आला. एकदा मी आंघोळीला होतो. दुसऱ्यांदा फोन खिशात होता आणि मला हल्ली कमी ऐकू येतं. उलट फोन करावा म्हणून मी कितीदा तरी हातात घेतला. मग वाटायचं, तिथं आत्ता किती वाजले असतील, झोपले असतील. बोलायचं तरी काय? असं करत करत राहून गेलं. त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं ते निघाले त्या सकाळचंच.

टॅक्सी इमारतीपुढं उभी होती. बॅगा डिकीत गेल्या. गुडघ्यामुळे त्यांना आत बसायला वेळ लागला, मी दार धरून उभा होतो. बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"वर जा आता. उन्हात उभे राहू नका."

"जातो."

"जेवलात का?"

"अजून दहाही वाजले नाहीत, मास्तर."

"हो का? मग जेवा वेळेवर."

"हो."